स्वस्त आणि दणकट टॅब : घ्यावा की न घ्यावा?

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत शिक्षण निधीतून अभ्यासिकेसाठी दहा टॅब घ्यावेत अशी सूचना आली. टॅब घ्यावेत याबद्दल फारसा मतभेद नव्हता. मतभेद होता तो कोणते घ्यावेत याबद्दल. काही सभासदांचे म्हणणे असे पडले की, वस्तू मुलांच्या हाती जाणार आहे, ती पडणार, आपटणार, पावसात भिजणार. तेव्हा बाजारात हल्ली ‘रग्ड’ म्हणून जे दणकट टॅब मिळतात तेच घ्यावेत, आणि त्यातल्या त्यात जे स्वस्त पडतील ते घ्यावेत. ऐकायला हे म्हणणे बिनतोड वाटते. तथापि हा निधी सभासदांच्या वर्गणीतून आणि वर्षावासाच्या काळात आलेल्या दानातून उभा राहिलेला आहे. त्यातून लाखाच्या पुढे खर्च करायचा तर ‘दणकट’ या शब्दाच्या पोटात नेमके काय आहे ते सर्वांना ठाऊक असलेले बरे. अनेक सभासद घरच्या मुलांसाठीही हाच विचार करीत आहेत, म्हणून त्यांचाही येथे विचार केला आहे.

स्वस्तपणा आणि दणकटपणा यांचे भांडण जुने आहे, आणि ते आपल्या देशात एकदा चांगलेच गाजले होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा टॅब जाहीर केला. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडणार होता. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती. पडदा बोटाने जोर देऊन दाबावा तेव्हा कुठे हलायचा. पुढे तपासणीचे काम पाहणाऱ्या आयआयटी राजस्थानने आग्रह धरला की हा टॅब अमेरिकन लष्करी प्रमाणाच्या धर्तीवरील कसोट्यांना उतरला पाहिजे. आणि पुरवठादार डेटाविंड कंपनीचे म्हणणे होते की या किमतीत तसला टॅब होणे नाही. वाद विकोपाला गेला आणि २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे सोपविण्यात आला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आला. तो पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारलेला होता, पण ती योजना जशी रुजायला हवी होती तशी काही रुजली नाही. माझ्या मते त्या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. विद्यार्थ्याला मजबूत वस्तू हवी हे खरे, आणि मजबुतीला पैसे पडतात हेही खरे. ठरलेल्या किमतीत मजबुतीवर अधिक खर्च करायचा तर तो पडद्यातून, स्मृतीतून किंवा प्रोसेसरमधून वळता करावा लागतो. आजचे स्वस्त दणकट टॅब पाहताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावयाची आहे.

आता दणकट टॅबच्या खोक्यावर जे आकडे छापलेले असतात त्यांचा अर्थ पाहू. पहिला म्हणजे ‘आयपी ६८’. यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. धुळीत ६ हा सर्वांत वरचा. म्हणजे धूळ आत मुळीच शिरत नाही. पाण्यात ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक कसोटी, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादकाने स्वतः ठरवून सांगायचे. म्हणून नुसते ‘६८’ पाहून दोन टॅब सारखेच समजू नयेत. खाली बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते वाचावे. काही खोक्यांवर ‘आयपी ६९के’ असेही असते. ते जोराच्या गरम पाण्याच्या फवाऱ्याचे आहे. कारखान्यात यंत्रे धुतात तेथे त्याचा उपयोग. अभ्यासिकेत टॅब असा कोणी धुणार नाही.

या कसोट्या नव्या कोऱ्या वस्तूवर आणि साध्या गोड्या पाण्यात होतात. समुद्राचे पाणी, साबणाचे पाणी, चहा, सरबत यांची हमी त्यात नाही. शिवाय पाणी अडते ते आतल्या रबरी पट्टीमुळे आणि चार्जिंगच्या भोकावरील रबरी झाकणामुळे. ते झाकण रोज उघडायचे, रोज लावायचे. चार महिन्यांत ते सैल होते, वर्षभरात एका बाजूने तुटून लोंबू लागते. आणि पुष्कळ टॅबमध्ये पाणी अडविण्याचा मोठा भार त्याच झाकणावर असतो. दुरुस्तीसाठी एकदा टॅब कोपऱ्यावरच्या दुकानात उघडला की ती रबरी पट्टी पुन्हा पहिल्यासारखी बसेल याची खात्री नाही. आणि गंमत अशी की, खोक्यावर पाण्याचा आकडा छापणाऱ्या कित्येक कंपन्या वॉरंटीच्या कागदात मात्र पाण्याने झालेले नुकसान धरत नाहीत. हा कागद विकत घेण्यापूर्वी वाचावा.

दुसरे छापील बिरुद ‘मिलिटरी ग्रेड’ किंवा ‘मिल-एसटीडी-८१०’. त्यापुढे जी किंवा एच हे अक्षर असते. जी ही २००८ ची आवृत्ती, एच ही २०१९ ची. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे चाचणी-पुस्तक आहे. उष्णता, थंडी, कंप, धूळ, पाऊस, पडणे अशा अनेक चाचण्या कशा घ्याव्यात हे त्यात सांगितले आहे. कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे मात्र उत्पादक निवडतो. एकच चाचणी घेतली तरी खोक्यावर नाव छापायला कोणी अडवीत नाही, कारण अमेरिकन लष्कर अशा टॅबना प्रमाणपत्र देत नाही. पडण्याची प्रसिद्ध चाचणी घ्या. चार फुटांवरून, म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून, वस्तू २६ वेळा पाडायची. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे मिळून २६. खाली काँक्रीटवर अंथरलेले दोन इंच जाडीचे प्लायवूड असते. आणि हे २६ वेळा पाडणे एकाच नगाने सोसायचे असे नाही, ते पाच नगांत वाटून घेता येते. आपल्या चाळीतल्या जिन्याच्या पायऱ्यांवर प्लायवूड नसते, आणि आपल्याजवळ नगही एकच असतो.

याचा अर्थ ही बिरुदे खोटी आहेत असा मुळीच नाही. चांगल्या कंपनीने प्रामाणिकपणे घेतलेल्या चाचणीला मोल आहेच. पण कालामांना तथागतांनी जे सांगितले, की ऐकीव आहे म्हणून, लिहिलेले आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ते खोक्यावरच्या छपाईलाही लागू पडते. कोणती चाचणी, किती उंचीवरून, कोणत्या प्रयोगशाळेत, हे कंपनीने सांगितले असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. नुसते लष्करी बिरुद आणि चिखलात बुडविलेल्या टॅबचे छायाचित्र एवढ्यावर ठेवू नये.

मग दणकट टॅबमध्ये खरोखर निराळे काय असते? कोपऱ्यांना जाड रबर असते, आणि काचेभोवतीची कड काचेपेक्षा किंचित उंच असते, त्यामुळे टॅब सपाट जमिनीवर उपडा पडला तर काच वाचते. हा फायदा खरा आहे. पण खाली खडा असेल, किंवा दप्तरात टॅबवर डबा दाबला गेला, तर दणकट टॅबची काचही काचच असते. दुसरी गोष्ट वजनाची. साधा दहा-अकरा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. २०,००० एमएएच बॅटरीचे दणकट टॅब किलोच्या जवळ जातात. वजन दुप्पट झाले की त्याच उंचीवरून पडताना बसणारा मारही दुप्पट होतो. म्हणजे रबराची बरीचशी ताकद त्या जादा वजनालाच तोंड देण्यात खर्ची पडते. सातवीतल्या मुलीने तो एका हातात धरून वाचायचा आहे हेही विसरून चालणार नाही. आणि एवढी मोठी बॅटरी भरायला वेळ किती? १८ वॅटचा चार्जर असेल तर हिशेबाने सव्वाचार तास, प्रत्यक्षात पाचांहून अधिक. अभ्यासिकेत जेथे प्लग समोर आहे तेथे या बॅटरीचे आपल्याला कौतुक नको.

टॅब निकामी होतो तो बहुधा कशाने, हा खरा प्रश्न आहे. काच फुटणे हे एक कारण, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. दुसरे चार्जिंगची पिन ढिली होणे. दहा हातांत फिरणाऱ्या टॅबला हा रोग लवकर लागतो. तिसरे बॅटरी. लिथियमची बॅटरी चारपाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद साधारण ८० टक्क्यांवर येते, आणि रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवली, तीही उन्हाच्या खिडकीत, तर फुगते. चौथे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे आतल्या अँड्रॉइडला कंपनीकडून सुधारणा मिळणे बंद होते. टॅब दिसायला ठणठणीत, पण नवी ॲप चढत नाहीत, जुनी कुरकुरतात, आणि सुरक्षेचे दोष तसेच राहतात. या चार कारणांपैकी रबरी कवच फक्त पहिल्याला उत्तर देते. उलट स्वस्त दणकट टॅब बनविणाऱ्या बऱ्याच कंपन्या चौथ्या बाबतीत फार कच्च्या आहेत. विकला, की अँड्रॉइडची पुढची आवृत्ती त्यावर येईलच असे नाही. दहा वर्षे टिकणारे कवच आणि तीन वर्षांत म्हातारा होणारा मेंदू अशी ही जोडी आहे. अपवाद आहेत. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेतील टॅबची बॅटरी स्वतः काढून बदलता येते आणि भोकाऐवजी बाहेरच्या पिनांवरूनही तो चार्ज होतो. परंतु तो ‘स्वस्त’ या सदरात बसत नाही.

आता हिशेब करून पाहू. किमती रोज बदलतात म्हणून आकडे उदाहरणादाखल धरतो, आपापल्या दुकानातले भाव घालून पुन्हा करून पाहावेत. साधा चांगल्या कंपनीचा टॅब १५,००० रुपये, त्याला जाड रबरी कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास १,००० रुपये, एकूण १६,०००. दणकट टॅब २४,०००. फरक ८,००० रुपयांचा. साध्या टॅबची काच बदलायला ५,००० धरा. म्हणजे तीन वर्षांत काच एकदा फुटली तरी साधा टॅब स्वस्त पडला. दोनदा फुटली तर दणकट टॅब फायद्याचा ठरला. घरी एकच मूल वापरणार असेल, तेही अंथरुणावर किंवा टेबलावर बसून, तर दोनदा फुटण्याची शक्यता मला तरी कमी वाटते. मंडळाच्या दहा टॅबमागे हाच फरक ८०,००० रुपयांचा होतो. तेवढ्यात सोळा काचा बदलता येतात. दहा टॅब अभ्यासिकेतच राहणार, बाहेर जाणार नाहीत, तर तीन वर्षांत सोळा काचा फुटणार नाहीत. म्हणून माझे मत असे की साधे टॅब जाड कव्हरसह घ्यावेत, आणि वाचलेल्या पैशांपैकी तीस हजार रुपये केवळ काच, पिन आणि बॅटरी यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवावेत.

टॅब मुलांना घरी न्यायला द्यायचे ठरले तर हिशेब बदलतो, हे मान्य केले पाहिजे. लोकलच्या गर्दीतून, जुलैच्या पावसातून, भावंडांच्या हातांतून तो परत यायचा आहे. तेव्हाही सर्वच्या सर्व दणकट घेण्यापेक्षा दोन-तीन तसे घेऊन वर्षभर त्यांचे काय होते ते पाहणे शहाणपणाचे.

ज्यांनी दणकट टॅब अवश्य घ्यावा असे लोकही आपल्यात आहेत. सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरणारे, आशाताई, बांधकामावरचे सुपरवायझर, शेतात उभे राहून पंचनामे भरणारे कर्मचारी. ज्यांचे काम उघड्यावर, ओल्या हाताने, उन्हात चालते त्यांना मोठी बॅटरी आणि पाण्याची हमी या दोन्हींचे पैसे वसूल होतात. त्यांनी एक मात्र पाहावे, उन्हात पडदा दिसतो का. स्वस्त दणकट टॅबचा पडदा पुष्कळदा मंद असतो आणि भर दुपारी त्यात आपलेच तोंड दिसते. दुकानातून बाहेर रस्त्यावर नेऊन पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने पडदा हा तर मुख्य मुद्दा. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मिळतात, पुस्तकांतील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ ॲपवरील पाठ उघडतात. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड, ज्यांचे प्रकाशन महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून सुरू केले, तेही पीडीएफ रूपात वाचता येतात. पण छापील पानाची छायाचित्रे असलेल्या पीडीएफमधली बारीक अक्षरे आणि तळटीपा वाचायच्या तर पडदा दहा इंचांचा आणि १९२० बाय १२०० बिंदूंचा असावा. स्वस्त दणकट टॅबमध्ये बहुधा १२८० बाय ८०० चा पडदा देतात. त्यावर जोडाक्षरे पुसट दिसतात आणि तासाभरात डोळे दुखू लागतात. खोक्यावर ‘१२ जीबी रॅम’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असेल तर त्यात खरी स्मृती किती ते विचारावे. पुष्कळदा ती ४ जीबीच असते आणि उरलेली ८ साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली असते. उसन्या स्मृतीला खऱ्या स्मृतीचा वेग नसतो.

आणि एक गोष्ट टॅबच्या उत्साहात मागे पडू नये. एमएस-सीआयटी किंवा शासनाची संगणक टंकलेखन परीक्षा द्यायची तर कीबोर्डवरच बोटे चालवावी लागतात. ज्या मुलांना ती गरज आहे त्यांना टॅबपेक्षा अभ्यासिकेतील एक वापरलेला पण चालू संगणक अधिक उपयोगी पडेल. नुसती मजबूत वस्तू दिली की शिक्षण होते असेही नाही. ‘एक्सओ’ नावाचा मुलांसाठीचा अत्यंत दणकट लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट गावच्या शाळेतही २००७ मध्ये आला होता. पेरू देशाने तो आठ लाखांहून अधिक मुलांना दिला. आणि तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात गणित व भाषा या विषयांत मुलांची प्रगती त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही. लॅपटॉप टिकला, पण त्यावर काय शिकवायचे ते कोणी बसून ठरविले नव्हते. आपल्याकडे संध्याकाळी दोन तास बसणारा एखादा पदवीधर तरुण मिळाला तर दहा टॅबची किंमत आपोआप वाढेल.

खरेदीविषयी थोडे. परदेशी संकेतस्थळावरून मागविलेला टॅब कितीही स्वस्त दिसला तरी आपल्या शहरात त्याचे सर्व्हिस सेंटर आहे का हे आधी पाहावे. काच आणि बॅटरी मिळत नसेल तर दणकट टॅब हा दणकट पाटीच होय. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. टॅबवर किंवा खोक्यावर ‘आर’ ने सुरू होणारा क्रमांक असतो तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. सिमचा टॅब हवा असेल तर तो आपल्याकडच्या ४जी लहरींवर चालतो का हे विचारावे. जिओच्या बाबतीत त्या ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झच्या आहेत. अभ्यासिकेला मात्र सिमची गरजच नाही. एक वायफाय जोडणी सर्वांना पुरते आणि प्रत्येक टॅबमागचे हजार-दोन हजार वाचतात.

हप्त्यांबद्दल बँकेत नेहमी विचारणा होते म्हणून सांगतो. ‘बिनव्याजी हप्ते’ असा प्रकार वस्तुतः नसतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांना मनाई केली. आज जे दिसते त्यात व्याजाएवढी सूट किमतीत दाखवून व्याज हप्त्यात घेतलेले असते; हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुधा वर प्रक्रिया शुल्क असते, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत आपल्या हातून जाते. घरच्या टॅबसाठी हप्ते घेणे भाग असेल तर रोखीचा भाव आणि सर्व हप्त्यांची बेरीज या दोन रकमा कागदावर शेजारी-शेजारी लिहून पाहाव्यात. मंडळाने तर हप्त्यांच्या वाटेला जाऊच नये. तीन दुकानांतून लेखी भाव मागवावेत, त्यांत सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि काच बदलण्याचा दर मागावा, आणि बिल मंडळाच्या नावाने जीएसटी क्रमांकासह घ्यावे. वॉरंटीची कार्डे चिटणीसांकडे राहावीत. प्रत्येक टॅबचा क्रमांक नोंदवहीत लिहून तो कोणी, किती वाजता घेतला आणि परत करताना पिन व काच कशी होती, एवढ्या तीन रकान्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.